बॅरल किती जड घ्यावं? आधी ते कुठे जड आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पंधरा वर्षांची, वजन ४७ किलो, दोन वर्षं १० मीटर एअर रायफल मारते आहे आणि आता ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून मारायचा प्रकार) जायचं आहे. क्लबमध्ये .२२च्या (साधारण ०.२२ इंच नळीच्या) दोन रायफली वापरायला मिळू शकतात. एकीचं बॅरल जाड आणि लांब, दुसरीचं आखूड आणि पुढे ट्यूब. कोणी म्हणतं जड बॅरलनेच ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, लहान येतो, कोणी म्हणतं पोरीचा खांदा जाईल. वडिलांना स्वतःला प्रोन, म्हणजे पडून मारायचा प्रकार, करायचं आहे, जमलं तर पुढे ३०० मीटरही. दोघांना एकाच प्रकारचं बॅरल चालेल का?

नाही चालणार. मुलीला आखूड बॅरल आणि ट्यूबवाली रायफल द्या, जाड-लांब रायफल वडिलांच्या प्रोनला ठेवा. असं का, ते कळलं तर पुढचे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील.

जड बॅरल अचूक असतं या समजामागे खरं कारण ताठपणाचं आहे. गोळी नळीतून जाताना नळी थरथरते, आणि नळी जितकी ताठ तितकी ती थरथर लहान. गोल नळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, वजन मात्र वर्गानेच. ६५० मिमी लांबीचं .२२चं पोलादी बॅरल १६ मिमी जाड असेल तर त्याचं वजन साधारण ९०० ग्रॅम भरतं. तेच २२ मिमी जाड केलं की १.८ किलो. म्हणजे वजन दुप्पट झालं आणि ताठपणा साडेतीन पटींपेक्षा थोडा जास्त. सौदा वाईट नाही. पण आता तेच २२ मिमीचं बॅरल ६५० ऐवजी ५०० मिमी लांब घ्या. वजन १.४ किलोवर आलं, आणि टोकाशी मोजलेला ताठपणा आणखी २.२ पट वाढला, कारण लांबीचा परिणाम घनाने होतो. हलकं झालं आणि ताठही झालं. उरलेल्या लांबीत हलकी अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब लावून फ्रंट साईट तिच्यावर बसवली की दोन साईट्समधलं अंतरही जात नाही. गोळीलाही काही तोटा नाही. .२२ची दारू पहिल्या ४०-४५ सेंटीमीटरमध्येच आपलं बहुतेक काम उरकते, पुढची नळी वेग वाढवण्याऐवजी घर्षणच देते.

म्हणजे 'जाड' आणि 'जड' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 'लांब' ही तिसरी. विकणारा तिन्ही एकाच शब्दात गुंडाळतो.

नळीवर उभ्या खाचा पाडलेलं, म्हणजे फ्लूटेड बॅरल हाही असाच घोळ आहे. खाचा पाडल्याने ताठपणा वाढतो असं सर्रास सांगतात. धातू काढून टाकल्यावर ताठपणा वाढेल कसा? त्याच व्यासाच्या भरीव नळीपेक्षा तो कमीच असतो. फायदा एवढाच की तेवढ्याच वजनात थोडी जाड नळी मिळते.

आता हा ताठपणा कोणाला किती लागतो ते बघा. १० मीटरच्या एअर रायफलचा पेलेट अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास, ऊर्जा ८ ज्यूलसुद्धा नाही. .२२ची मॅच गोळी २.६ ग्रॅमची, ३२५ मीटरच्या आसपास जाते, म्हणजे १४० ज्यूलच्या घरात. मोठ्या .३०८ काडतुसाची १६८ ग्रेनची, म्हणजे जवळपास ११ ग्रॅमची, गोळी साडेतीन हजार ज्यूल. एअर रायफलच्या नळीला थरथरायला कारणच नाही. तिथे बॅरलचं वजन हा निव्वळ बॅलन्सचा प्रश्न आहे. .२२मध्ये ताठपणा मोजता येईल इतका उपयोगी पडतो, पण गोळ्यांचा लॉट (कारखान्यातली एका वेळची खेप) बदलल्याने पडणारा फरक त्याहून बराच मोठा असतो. चांगल्या बॅरलला न मानवणारा लॉट दिला तर ग्रुप फाटतोच. बॅरलवर पैसे घालण्याआधी रायफल व्हाइसमध्ये बांधून चार-पाच लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप काढा. बऱ्याच जणांचा 'बॅरल हलकं आहे' हा आजार तिथेच बरा होतो.

आणि धरण्याचा हिशोब. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं. दोन साईट्समधलं अंतर ९० सेंटीमीटर धरलं तर फ्रंट साईट एक दशांश मिलिमीटर हलली की टार्गेटवर साडेपाच मिलिमीटर जातात. कुठल्याही मॅच बॅरलच्या चुकीपेक्षा हातातली ही हालचाल मोठी. म्हणून .२२मध्ये बॅरलचं वजन निवडायचं ते आधी शरीरासाठी, मग गोळीसाठी.

स्टँडिंग पोझिशन घ्या. उजव्या हाताच्या नेमबाजाचा डावा हात ट्रिगर गार्डच्या जरा पुढे, कोपर कमरेच्या हाडावर. हातापासून नळीचं टोक साधारण ५५ सेंटीमीटर. त्या टोकावर १०० ग्रॅमचं वेट लावलं, आणि तेच वेट हातापुढे २५ सेंटीमीटरवर लावलं, तर हातावर येणारा पुढचा झोक टोकाच्या वेटाने २.२ पट जास्त. रायफल वळवायला लागणारा जोर, म्हणजे तिचं जडत्व, जवळजवळ पाच पट. वजनकाट्यावर दोन्ही रायफली सारख्याच. मुलीच्या पाठीला मात्र त्या दोन वेगळ्या रायफली आहेत.

हे जडत्व शत्रू नाही. टोक जड असेल तर नेम संथ हलतो, बारीक धक्के गिळले जातात, ट्रिगर दाबायला वेळ मिळतो. टोक फार हलकं असेल तर नेम चटकन उडतो, विशेषतः आडवा, आणि उघड्या रेंजवर वारा आला की नाचतो. पण एक मर्यादा ओलांडली की संथपणा जडपणात बदलतो. नेम दहावरून घसरला तर परत आणायला स्नायू वापरावे लागतात, आणि नेमबाजीत स्नायू वापरला की खेळ संपला. याची खूण टार्गेटवर दिसते. पहिल्या वीस गोळ्या नीट, शेवटच्या वीसमध्ये खाली सरकत गेलेल्या. कमरेच्या डाव्या बाजूला दुखणं सुरू होतं. नेमबाज नकळत मागे जास्त कलायला लागतो, डावा खांदा वर येतो. असं दिसलं की आधी टोकाचं वेट काढा, पोझिशन नंतर सुधारा. उलट क्रमाने केलं तर आठवडे जातात.

मुलीच्या बाबतीत आणखी एक आकडा बघा. एअर रायफलची नियमातली कमाल मर्यादा ५.५ किलो, कारखान्यातून येणाऱ्या मॅच एअर रायफली बहुधा ४ ते ५ किलोच्या. ५.५ किलो म्हणजे ४७ किलोच्या मुलीच्या वजनाचे जवळपास १२ टक्के. ७५ किलोच्या पुरुषाला तेच ७ टक्के पडतं. नियमात जागा आहे म्हणून ती भरायचीच असं नाही. .२२ला पुरुषांच्या गटात ८ किलोची मर्यादा आहे. ती प्रौढ, वर्षानुवर्षं कमावलेल्या शरीराची मर्यादा समजा, ध्येय नव्हे. मुलीसाठी सगळ्या सामानासकट ५.५ ते ६ किलोच्या आत सुरुवात करा. वर्षभराने, तेही शेवटच्या वीस गोळ्या पहिल्या वीससारख्या पडायला लागल्यावरच, वजन वाढवा.

कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांवर याच थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, आणि साहजिकच 'त्याच्यासारखी रायफल' हवी असं मुलांना वाटतं. बॅरल एक वेळ तसंच मिळेल. त्यावरचं वेट कुठे बसवायचं, हे मात्र ज्याच्या त्याच्या हाताच्या लांबीवर आणि कमरेवर ठरतं.

थ्री पोझिशनची खरी अडचण अशी की तिन्ही पोझिशनना वेगळं बॅरल आवडतं. आता क्रम नीलिंग, प्रोन, स्टँडिंग असा आहे, प्रत्येकी वीस गोळ्या. प्रोनमध्ये स्लिंग (हात आणि रायफल जोडणारा पट्टा) वजन घेते, तिथे पुढे जड रायफल छान वागते, मागे उसळल्यावर पुन्हा तिथेच येऊन बसते. नीलिंगला थोडं पुढे जड चालतं, पण डाव्या कोपरावर आणि पायावर भार येतो. स्टँडिंग शेवटी आणि ते थकलेल्या शरीराने. म्हणून बॅरल स्टँडिंगला मानवेल असं निवडायचं आणि प्रोनला लागणारं जास्तीचं वजन फोर-एंडच्या, म्हणजे स्टॉकच्या पुढच्या भागाच्या, रेलवर लावायचं, बॅरलवर नव्हे. बॅरलवर लावलेलं वेट काढलं-घातलं की नळीची थरथर बदलते आणि गोळीची जागा सरकते. मग पोझिशन बदलाच्या घाईत साईटचे क्लिक मोजत बसावं लागतं. फोर-एंडवरच्या वेटाने झीरोला, म्हणजे जुळवून ठेवलेल्या नेमाला, सहसा धक्का लागत नाही, अट एकच, बॅरल स्टॉकला कुठेही टेकलेलं नको. कागदाची पट्टी नळी आणि लाकडाच्या मधून सरकवून बघा. सलग गेली पाहिजे.

वेट प्रत्यक्ष कसं ठरवायचं, ते सांगतो. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग घाला. टेबलावर जाड टॉवेल आणि त्यावर आडवं लाटणं ठेवा. स्लिंग, हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा ठोकळा), साईट्स, सगळं जसं स्पर्धेत असतं तसं लावलेली रायफल लाटण्यावर तोला. ती जिथे तोलली जाते तिथे चिकटपट्टीने खूण करा. मग मुलीला पोझिशनमध्ये उभं करून डाव्या हाताचा मधला भाग कुठे येतो ती दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर वहीत लिहा. सुरुवातीला तोलाची खूण हाताच्या जरा पुढे, तीन-चार सेंटीमीटरच्या आत असावी. ती बरीच पुढे गेली असेल तर वेट काढायचं किंवा मागे, बटमध्ये लावायचं. हातामागे आली असेल तर टोक तरंगणारच.

पुढे ५० ग्रॅमच्या पायरीने जा. एका वेळी एकच बदल. बदल केल्यावर दहा ड्राय फायर (गोळीशिवाय ट्रिगर दाबणं), मग वीस गोळ्या. त्याच दिवशी निष्कर्ष काढू नका. पहिल्या दिवशी प्रत्येक नवं वेट चांगलं वाटतं, तिसऱ्या सरावाला खरं कळतं. तोल न हलवता फक्त संथपणा हवा असेल तर पुढे ५० ग्रॅम लावून तेवढाच झोक देईल असं वेट मागे लावा. जडत्व वाढतं आणि खूण जागेवर राहते. स्कॅटसारखं ट्रेनिंग यंत्र असेल तर आडवी आणि उभी हालचाल वेगळी वाचा. आडवी कमी झाली आणि शेवटी उभी वाढली, तर वेट पोरीच्या ताकदीपलीकडचं आहे.

वेट कसताना दोन चुका हमखास होतात. क्लॅम्पचा एकच स्क्रू पूर्ण आवळला जातो, दुसरा ढिला राहतो. दोन्ही थोडे-थोडे, आळीपाळीने आवळा. ढिलं वेट गोळीगणिक थोडं सरकतं आणि मग चांगल्या ग्रुपमधली एखादीच गोळी उगाच वर-खाली जाते. नेमबाज स्वतःला दोष देत बसतो. दुसरी चूक काट्याची. स्पर्धेतलं वजन सगळ्या जोडसामानासकट धरतात. घरच्या काट्यावर मर्यादेला बरोबर चिकटवू नका, निदान ५० ग्रॅम मोकळे ठेवा.

वडिलांच्या प्रोनचं उत्तर सोपं आहे. जाड-लांब बॅरल घ्या. स्लिंग वजन घेते म्हणून पाठीचा प्रश्न नाही. प्रश्न डाव्या हाताचा. पुढे फार वजन असेल तर हँडस्टॉपवर तळवा दाबला जातो, अर्ध्या तासात बोटं बधिर होतात, आणि साईटमध्ये नाडीचा ठोका दिसायला लागतो, प्रत्येक ठोक्याला नेम एकाच दिशेने चिमूटभर उडतो. हे स्लिंग घट्ट असल्यानेही होतं. म्हणून आधी स्लिंग एक भोक सैल करा, हँडस्टॉप सेंटीमीटरभर सरकवा. तरी ठोका राहिला तर वेट कमी करा.

३०० मीटर हे वेगळं जग आहे. त्यासाठीचा परवाना आणि रेंज हे प्रश्न आधी सोडवा, बॅरल नंतर. पण समजून घ्यायचं असेल तर इथे पहिल्यांदा उष्णता खरी अडचण होते. प्रत्येक गोळीमागे नळीत शिरणारी उष्णता साधारण तेवढीच असते, त्यामुळे दुप्पट वजनाची नळी निम्मीच तापते. पातळ नळी पाच-सहा गोळ्यांत हाताला चटका देते. तिच्यात बनवताना राहिलेले ताण असतील तर गरम होताना ती किंचित वाकते आणि ग्रुप एका दिशेने चालत जातो. वर तापलेल्या नळीवरून उठणाऱ्या हवेने साईटमधलं चित्र लहरतं. जाड नळीचाही एक तोटा आहे. तापायला वेळ घेते, तसाच थंड व्हायलाही घेते. धक्क्याचंही तसंच. .३०८ची तीच गोळी साडेतीन किलोच्या रायफलीतून मारली तर खांद्यावर ढोबळमानाने २० ज्यूलचा धक्का येतो, ८ किलोच्या रायफलीतून ९ ज्यूलचा. साठ गोळ्यांत हा फरक खांदा मोजतो. ३०० मीटर रायफलला ८ किलोची मर्यादा आहे म्हणून तिथे जाड बॅरल बसतं. ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला मात्र ५.५ किलोच आणि ट्रिगरही किमान १५०० ग्रॅमचा. तिथे मध्यम बॅरलच घ्यावं लागतं. दोन प्रकारांत एकच बॅरल वापरायचा हट्ट इथेही निभत नाही.

बाकीचे प्रकार बघितले की गरज बॅरल कशी ठरवते ते स्पष्ट दिसतं. बायथलॉनमध्ये .२२च रायफल, ५० मीटरच अंतर, पण ती पाठीवर बांधून बर्फावरून स्की करायचं असतं. किमान वजन साडेतीन किलो, आणि सगळे त्याच्या जवळच राहायला बघतात. टार्गेट प्रोनला ४५ मिमी, स्टँडिंगला ११५ मिमी. १०.४ मिमीचा दहा तिथे नाहीच, मग जाड नळी वाहून नेऊन मिळवायचं काय? दुसऱ्या टोकाला एफ-क्लास, जिथे पडून, पुढे-मागे आधारावर ठेवून मारायचं. ओपन गटात १० किलो, टीआर गटात ८.२५ किलो चालतात, आणि नेमबाज उरलेला प्रत्येक ग्रॅम बॅरलमध्ये ओततात, कारण उचलून धरायचं काहीच नाही. परदेशातल्या शिकारी रायफलींची पातळ बॅरलं दिवसभर खांद्यावर वागवून दोन-तीन गोळ्या मारायला केलेली असतात. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो उपयोग जवळजवळ संपला आहे. तसली पातळ नळी टार्गेटसाठी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका.

जड बॅरल लेथवर लावून पातळ करून आणू, असा विचार डोक्यात येतो. करू नका. बटन रायफलिंग केलेल्या नळीत ताण कोंडलेले असतात. बाहेरून धातू काढला की आतलं बोअर किंचित फुलतं आणि तेही सगळीकडे सारखं नाही. टोकाकडून कापलं तर क्राउन, म्हणजे नळीच्या तोंडाची कडा, नव्याने करावा लागतो, आणि बऱ्याच .२२ मॅच नळ्यांना टोकाशी किंचित आवळ, म्हणजे चोक असतो, तोच कापला जातो. शिवाय बंदुकीची नळी परवान्याशिवाय आखूड करणं हा शस्त्र कायदा, १९५९च्या कलम ६चा भंग आहे. काम करून देणारा लेथवाला ओळखीचा असला तरीही. आखूड बॅरल हवं असेल तर कारखान्यातून आखूड आलेलंच घ्या.

शेवटी पावसाळ्याचं. मुंबई-कोकणातच नव्हे, पुण्या-कोल्हापुरातही जून ते सप्टेंबर बॅरल वेटच्या कड्याखाली घाम आणि ओल साचते आणि बाहेरून काहीही न दिसता नळीवर गंजाची अंगठी उमटते. सराव संपला की वेट काढा, नळी आणि कड्याची आतली बाजू कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा बारीक हात फिरवा. परत लावण्याआधी तेल मात्र पूर्ण पुसा, नाहीतर कडं घसरतं. वेटची जागा आधीच पेन्सिलने किंवा बारीक चिकटपट्टीने खूण करून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी झीरो शोधण्यात दहा गोळ्या जात नाहीत.